लेकीला मातीत रांगू दे

तीर्थरूप आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

आमच्या प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मापासून जंतूंशिवाय वाढवतात, बंद पेटीत, सगळं उकळून. परवा पेटीत हात घालायच्या माझ्या हातमोज्याला भोक पडलं. इतर उंदरांना काहीच न करणारा जंतू आत शिरला आणि दोन दगावले. “पोटात चांगले जंतू नसले की शरीर लढायला शिकतच नाही,” आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. लेकीला जमिनीवर सोडू नकोस, खेळणीसुद्धा उकळ, असं तिला तुझ्याकडे ठेवून निघताना मीच बजावलं होतं. तू ऐकलंस का गं? एरवी कुठं माझं ऐकतेस! पोट बरं आहे ना तिचं? तिला मातीत रांगू दे.

आणि मी आल्यावर दारातूनच हात धुवायला पिटाळू नकोस. आधी तिला घेऊ दे, माझ्याकडे आली तर.

तुझी थोरली