कडू लागलं की हात वर

३ मार्च, मंगळवार

परत पाठवलं! दारातूनच. सेफ्टीवाल्याने मास्क हातातसुद्धा दिला नाही. पेन्सिलीची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली — खर्र आवाज आला, मलाही ऐकू आला — आणि म्हणाला, ही दाढी कधीची? मी म्हटलं, कालची. तो म्हणाला, परवाची. खरं तर तेरवाची होती.

खुंटांवर मास्कचं रबर बसत नाही, फटीतून रंग आत जातो, म्हणे. नियम आहे, तुझ्याशी काही वैर नाही. १९ तारखेला पुन्हा चाचणी. रंग फवारायच्या काचेच्या खोलीत जागा एकच. तेव्हा नीट आलास तर तुझी, नाहीतर पॅकिंगमधला एक जण कधीचा मागे लागलाय.

सोळा दिवस आहेत. होईल! एका दाढीपायी मी मागे राहतो की काय.

४ मार्च, बुधवार

दीड वर्ष झालं घासकामावर. खुर्च्यांचे पाय, टेबलांच्या कडा, कपाटांची दारं. आधी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, शेवटी चारशे. नंबर मोठा तितका कागद मऊ. डोळे बांधा, बोटाने चाचपून नंबर सांगतो. पण घासणाऱ्याचं काम दिसतं कुणाला? मी दिलेली खुर्ची आजारी माणसासारखी फिकट असते. काचेच्या खोलीत जाते, तिथला लंबू तिच्यावर फवाऱ्याचा हात फिरवतो, आणि बाहेर येते तेव्हा तिच्यात तोंड दिसतं.

मला ते करायचंय. याआधीच्या चार नोकऱ्या सोडल्या — गोदाम, बेकरी, बोटीवरचं सामान, पुन्हा गोदाम. ही पहिली जागा जिथे मला आणखी आत जायचंय. एरवी मी दार शोधतो ते बाहेर पडायला.

ताईचा फोन होता. तिला सांगितलं, बढती मिळतेय. ती म्हणाली, मिळाली की सांग, मिळतेय म्हणू नकोस. तुझ्या बुडाला भिंगरी आहे, दादांना मी आता काही सांगत नाही. दादा म्हणजे आमचे वडील. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून ते माझ्याबद्दल विचारत नाहीत, ताईच सांगते. म्हणजे सांगायची.

५ मार्च, गुरुवार

रोज दाढी केली असती की! पण गळा बघा माझा. फेकून द्यायचे ते प्लॅस्टिकचे रेझर, एकात तीन पाती. एक दिवस केली की दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या, केस कातडीत उलटे शिरतात, कॉलर लागली तरी आग. म्हणून चार दिवस सोडतो. मग खुंट टोचतात, म्हणून घासताना कागदी मास्क नाकावर न ठेवता हनुवटीखाली. लंबू म्हणतो तुझ्या नाकात एव्हाना एक स्टूल निघेल एवढं लाकूड आहे.

लंबू माझा खोलीतला जोडीदार. दोन खाटा, एक खिडकी, एक शेगडी. सहा वर्षं काचेच्या खोलीत आहे. त्याचा गाल बघितला तर चारशेने घासल्यासारखा. त्याला विचारलं, कशाने करतोस? त्याने ट्रंकेतून लोखंडी रेझर काढला, एका पात्याचा. म्हणाला, हा माझा आहे आणि हा कडक आहे, तुझ्या कातडीला नाही चालायचा. तुला मवाळ पाहिजे. मागच्या गल्लीत मावशींच्या दुकानात जा.

मवाळ! मी काय तान्हं बाळ आहे?

७ मार्च, शनिवार

गेलो. मावशींचं दुकान म्हणजे एका माणसाच्या रुंदीचं. कात्र्या, ब्रश, साबणाच्या वड्या, आणि काचेखाली रेझर ओळीने. मावशी चष्म्यावरून बघतात. मी म्हटलं, जोरदार दाखवा. त्यांनी माझा गळा बघितला आणि म्हणाल्या, तुला दाढी करायचीय की झाड तोडायचंय?

तीन पुढे ठेवले. पहिला दात्यांचा, जड, आठवड्याची दाढी एका हातात उतरवणारा. तो त्यांनी मला हात लावू दिला नाही. दुसरा साधा, जसा आहे तसाच राहतो, चांगला निघाला तर चांगला. तिसऱ्याच्या मानेला कडं होतं, कड्यावर आकडे, एक ते नऊ. कडं फिरवलं की डोक्यातलं पातं किंचित वर-खाली. उजेडाकडे धरून फट दाखवली. हा मुळात मवाळ घडणीचा, म्हणाल्या, आणि वर आपल्या हातात. तुझा गाल वेगळा, गळा वेगळा, सोमवारची कातडी वेगळी. ज्याला स्वतःची कातडी अजून कळलेली नाही त्याने हाच घ्यावा.

हे मला पटलं. कड्याचा आवाजही आवडला — टक्, टक्. घेतला. पाती पाच, ब्रश एक, साबण एक. पैसे ठेवून निघालो. त्या मागून काहीतरी म्हणत होत्या आकड्यांबद्दल, पण मी पायरी उतरलो होतो. आकडे मला शिकवता? रोज आकडेच तर घासतो!

८ मार्च, रविवार

रक्त!

सुट्टी म्हणून निवांत केली. ब्रशने फेस, आरसा खिडकीत. मवाळ पाहिजे ना, मग कडं थेट नऊवर. सर्वात मोठा आकडा, सर्वात मऊ. आणि घासकामाचा हात — दाबून, सरळ, एका दमात कानापासून हनुवटीपर्यंत. आधी काही वाटलंच नाही. मग फेस गुलाबी झाला.

लंबू खाटेवरून उठून आला. रेझर हातातून घेतला, कडं बघितलं. मग विचारलं, नऊ का? मी सांगितलं, पॉलिश पेपरसारखं. तो खाली बसला. हसून हसून त्याला ठसका लागला. अरे बाबा, म्हणाला, इथे उलटं आहे, एक म्हणजे मऊ, नऊ म्हणजे तासणी, तू स्वतःला ऐंशीने घासलंस.

अकरा ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवून बसलोय. तुरटीने जीव गेला.

९ मार्च, सोमवार

कारखान्यात सगळ्यांना कळलंय. लंबूचं तोंड! जेवणाच्या सुट्टीत फोरमन येऊन गंभीरपणे विचारतो, आज कुठला नंबर? पॅकिंगवाला म्हणाला, १९ पर्यंत चेहरा उरेल ना.

उरेल. बघच तू.

११ मार्च, बुधवार

मावशींकडे गेलो. चेहरा पुढे करून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, ऐकून गेला असतास तर कातडी वाचली असती. मग स्टुलावर बसवलं आणि पातं न घालता माझ्याच हाताने माझ्या गालावर रेझर फिरवून दाखवला. त्यांचे यजमान या गल्लीत तीस वर्षं लोकांच्या दाढ्या करायचे. शेवटी शेवटी हात थरथरायचा तेव्हा मावशीच करायच्या आणि ते खुर्चीमागे उभं राहून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे.

सांगितलं ते लिहून ठेवतो, विसरायचा नाही. एकवर सुरुवात. दाबायचं नाही — रेझरला स्वतःचं वजन आहे, ते पुरे. मूठ गालापासून तिरकी, पातं कातडीला नुसतं टेकलेलं. बोटभर फटकारे, लांब नाही. केस ज्या दिशेला झोपतात त्याच दिशेने, आधी बोट फिरवून दिशा बघायची. एकदा झालं की पुन्हा फेस, मग आडवं. उलटं अजिबात नाही. आणि घाई नाही.

घाई नाही म्हणताना माझ्या पायाकडे बघत होत्या. पाय हलत होता.

१२ मार्च, गुरुवार

एकवर केली. जखमांच्या कडेकडेने. रक्त नाही! खुंट राहिले थोडे, पण आग नाही. गळा शांत.

१४ मार्च, शनिवार

सलग तिसरा दिवस. गालाला तीन, गळ्याला एक, ओठावर दोन. माझा नकाशा मला कळायला लागलाय. गळ्यावर उजवीकडे केस खालून वर झोपतात, डावीकडे तिरपे. चोवीस वर्षं हा गळा घेऊन हिंडतोय, आज ओळख झाली.

आणि गंमत म्हणजे या दहा मिनिटांत पाय हलत नाही.

दाढीनंतर लावायचं पाणी आणलं. लंबू दार उघडून बाहेर जाऊन उभा राहिला. अर्धी बाटली ओतलीस का, म्हणाला, डोळ्यांत पाणी येतंय. मला तर काही वास आला नाही. स्वस्तातलं असेल.

१५ मार्च, रविवार

आज स्वयंपाकाची पाळी माझी. बटाटे आणि अंडी. लंबूने एक घास घेतला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. समुद्रातून काढलेस का बटाटे, म्हणाला. मला मीठ बेताचंच वाटलं. त्याच्या जिभेचे फार चोचले.

जेवताना काचेच्या खोलीतलं सांगत होता. फवारा कसा धरायचा, मनगट नाही तर खांदा कसा फिरवायचा. आणि सर्वात मोठी गोष्ट — नाक. मास्क लावून उभा असशील आणि रंगाचा नुसता भास जरी झाला ना, म्हणाला, तर हातातलं टाकून बाहेर पडायचं. त्याचा अर्थ फिल्टर संपला नाहीतर रबर सुटलं. आत दुसरी घंटा नाही, नाक हीच घंटा. आधीच्या एकाला सर्दी होती, कुणाला बोलला नाही. त्याला दोघांनी धरून आणलं बाहेर.

मी म्हटलं, माझं रबर सुटायचंच नाही. गाल बघ.

त्याने खरंच बोट फिरवून बघितलं. बरा आहे, म्हणाला. लंबूचं बरा म्हणजे दुसऱ्याचं उत्तम!

१६ मार्च, सोमवार

गालाला चार करून बघितलं. नको. तीनच.

१७ मार्च, मंगळवार

ताईला फोन केला, चाचणीचं सांगितलं. दाढीचं सांगितल्यावर खूप हसली. मग म्हणाली, रोज करतोस? रोज, एकाच वेळी? मी म्हटलं, रोज, सव्वासहाला. मग ती म्हणाली, दादांना सांगते हे.

दाढीचं सांगणार दादांना! बढतीचं नाही.

१८ मार्च, बुधवार

उद्या. नवं पातं घातलं. एकदा वापरून बघितलं, पहिल्या दिवशी नवं पातं जरा तिखट असतं, म्हणून आजच घातलं — म्हणजे उद्या ते दुसऱ्या दिवसाचं. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शोधलं.

लंबूने चाचणी कशी असते ते सांगितलं. डोक्यावर पारदर्शक पिशवीसारखी टोपी घालतात, नळीने आत कडू पाणी फवारतात. मास्क नीट बसला असेल तर काही लागत नाही. कडू लागलं की हात वर करायचा, म्हणजे नापास. एवढंच. त्या आधी एकदा मास्कशिवाय फवारतात, चव ओळखीची व्हावी म्हणून; तेव्हाही कडू लागलं की हात वर. तीन दाबांतच तोंड वाकडं होतं म्हणे. माझं तर पहिल्यालाच झालं होतं, म्हणाला.

१९ मार्च, गुरुवार

पास!!

सव्वासहाला दाढी. गाल तीन, गळा एक. एक थेंब नाही. सेफ्टीवाल्याने पेन्सिल फिरवली — आवाज नाही. पुन्हा फिरवली. मग पेन्सिल खिशात ठेवून अंगठाच फिरवला. म्हणाला, न्हाव्याकडे गेला होतास का? मी म्हटलं, घरीच.

मास्क चढवला. रबर गालाला असं बसलं जसं झाकण बसतं. टोपी. फवारा. डोकं डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, मोठ्याने आकडे मोज, वाक. हात खालीच. काही नाही. टोपी काढून म्हणाला, असा बसलेला मास्क या वर्षात बघितला नाही. सही केली. सोमवारपासून काचेची खोली!

पॅकिंगवाल्याने येऊन हात मिळवला. वाईट माणूस नाही तो. फोरमन म्हणाला, आता नऊ नंबर लावून बस, चालेल. संध्याकाळी ताईला कळवलं. दादा फोनवर आले. चार वर्षांनी! म्हणाले, दाबू नकोस रेझर, माझीही कातडी तशीच आहे. बस. एवढंच. आणि फोन ताईला दिला.

बाकी चाचणीबद्दल लिहायचं काही नाही. पास झालो.

२० मार्च, शुक्रवार

आहे लिहायचं. मास्कच्या आधी जे नुसतं फवारलं, ते मला कडू लागलं नव्हतं. तीन दाब झाले, तो बघत होता, लंबूचं आठवून मी तोंड वाकडं केलं आणि हात वर केला. काहीही लागलं नव्हतं. आज उठून शेगडीपाशी डोळे मिटून कॉफीची कोरडी पूड जिभेवर ठेवली. पीठ असल्यासारखी. ते दाढीचं पाणी नाकाशी धरलं. नुसतं गार. माझी घंटा वाजतच नाही. लंबू झोपेतून तेवढ्याने उठून बसला आणि खिडकी उघडायला लागला.

सव्वासहाला दाढी केली, गाल तीन, गळा एक. गुळगुळीत. आता सेफ्टीवाल्याकडे चाललोय, काल खोटा वर केलेला हात खाली करायला.