उलट्या थेंबाचा पेला

मी, ऊर्मिला शिरीष पाटणकर, वय अडुसष्ट, राहणार येना (जर्मनी), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि पाठीमागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. डॉक्टरांनी काय ते स्वच्छ सांगितले आहे, तेव्हा उशीर करण्यात अर्थ नाही. इथल्या कायद्याला मजकूर सबंध स्वतःच्या हाताने लिहिलेला लागतो. भाषा कोणतीही चालते, साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांविना मृत्युपत्र मला अर्धवट वाटते, म्हणून घेतले आहेत.

१. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक माझे यजमान शिरीष यांना मिळावी. त्यांनी आधी श्रवणयंत्र घ्यावे. ऐकू येत नाही आणि ऐकायचे नाही, यांतला फरक निदान दुसऱ्यांना कळेल.

२. वस्तुसंग्रहालयाच्या कार्यशाळेत मी उत्खननातली फुटकी काच जोडत आले. माझी भिंगे, चिमटे आणि ब्रश माझ्या हाताखाली तयार झालेल्या क्लाउडियाला द्यावेत. ती कामाला चोख आहे. ब्रश धुऊन ठेवत नाही, ही तक्रार कायम आहे.

३. थोरल्या जाऊबाई शुभदा यांना माझी जांभळी पैठणी द्यावी. आमच्या मुलीच्या, स्पृहाच्या, तेराव्याला येना येथे, माझ्याच स्वयंपाकघरात, त्या म्हणाल्या होत्या, "फुटकं घरात ठेवू नये गं. सांगून कोण ऐकतं?" पैठणी देताना हे वाक्य माझ्या लक्षात आहे, असे त्यांना कळवावे. दोन्ही गोष्टी मनापासून आहेत.

४. आता हिरवा पेला. यासाठीच मी लिहायला बसले आहे.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे घर रिकामे करताना शिरीष यांनी मदत केली, तेव्हा मुरंब्याच्या बरण्यांबरोबर हा पेला आमच्याकडे आला. त्यांना तो फुलदाणी वाटला. मी तपासला. पंधराव्या शतकाच्या अखेरचा आहे, थुरिंगियाच्या जंगलातल्या एखाद्या भट्टीतला असावा. वाळूतल्या लोखंडाने काच हिरवी होते, आणि बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या राखेने वितळते. अंगावर काचेचे जाड थेंब चिकटवलेले आहेत, प्रत्येकाचे टोक वर ओढलेले. त्या काळी इथे लोक हाताने जेवत. तुपकट बोटांतून पेला निसटू नये म्हणून ते थेंब, असे मानतात. हे ऐकून आमची स्पृहा शाळेत सांगून आली होती की तिचे आईवडील मध्ययुगातले आहेत.

स्पृहाला मराठी सगळे कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये येई. लहानपणी तिच्या यमुनाआजीने पुण्याहून आणलेली बांगडी पिचली, तेव्हा आजीने तिला शिकवले होते की बांगडी फुटली म्हणायचे नाही, वाढली म्हणायचे. हॅनोव्हरला शिकायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिने वरणभात कालवलेल्या हाताने फळीवरचा पेला काढला आणि ताक ओतून घेतले. थेंब कामी आले नाहीत. मी कार्यशाळेत होते. तिने फोन केला आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, पेला वाढला."

मी म्हणाले, "पेला फुटतो. वाढते ती बांगडी."

"आल्झो, म्हणजे तीही काचच ना?"

मी फोन ठेवला आणि घरी निघाले.

मी घरी पोचेपर्यंत तिने बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, गोंद आणून तो जोडलाही होता. सांधे जाड झाले, आणि निखळलेला एक थेंब तिने उलटा बसवला. बाकी सगळ्यांची टोके वर, त्याचे खाली. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली की सध्या चालेल, नाताळच्या सुट्टीत आले की तू शिकव, आपण दोघी नीट करू. मी बरे म्हणाले. नाताळला ती घरी येताना रस्त्यावर बर्फ होते. तिची गाडी थांबली नाही.

पेला तसाच आहे. गोंद पिवळा पडला आहे. क्लाउडियाने एकदा पाहिला आणि म्हणाली, फ्राऊ पाटणकर, हे तर दुपारभराचे काम आहे. खरे आहे. गोंद विरघळवून, सांधे धुऊन, थेंब सुलटा करणे मला डोळे मिटून जमले असते. वस्तुसंग्रहालयाने पेला मागितला आहे. तिथे तो नक्की नीट केला जाईल, म्हणून तिथे देऊ नये.

शिरीष यांना तो उलटा थेंब बघवत नाही. ते रोज तो भिंतीकडे फिरवून ठेवतात, आणि सकाळी मी पुन्हा खोलीकडे फिरवते. अहो, तुम्ही असेपर्यंत पेला तुमच्याजवळ राहील. माझ्यामागे थेंब भिंतीकडे ठेवायचा की खोलीकडे, ते तुम्ही ठरवा. फक्त कपाटात बंद करू नका.

त्यांच्यानंतर पेला शुभदाबाईंच्या मुलीला, बॉबलिंगेनला राहणाऱ्या स्वरूपाला द्यावा. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. काचेतले तिला काही कळत नाही, आणि हीच तिची पात्रता. मी तिला विचारले तेव्हा म्हणाली, "काकू, मी हात लावणार नाही. धूळ तरी पुसू का?" पुसावी, कोरड्या मऊ फडक्याने. आईने बोल लावले तर ऐकून घ्यावेत आणि पेला जागेवर ठेवावा.

सांधे कोणीही उघडू नयेत. थेंब कोणीही सुलटा करू नये.

काचेचा भरवसा नसतो. पेला पुन्हा हातातून पडला, तर ज्याच्या हातून पडेल त्याला कोणी रागावू नये. तुकडे जोडायला देऊ नयेत. आणि फुटला असे कोणी म्हणू नये. वाढला म्हणावे.

साक्षीदार, दोघेही खालच्या मजल्यावर राहणारे:
प्रणव आगाशे (सही)
ऊर्जा प्रणव आगाशे (सही)

सगळा मजकूर माझ्या हातचा आहे, खाडाखोड नाही.
ऊर्मिला शिरीष पाटणकर (सही)
येना, १४ नोव्हेंबर २०२५