श्रीखंडाच्या डब्यातलं ‘अहो’

३ नोव्हें.
सासूबाई गावाला निघाल्या म्हणून टेन्शन घेणारी पूनम सागर सोसायटीतली मी पहिलीच सून असेन. आई शनिवारी रत्नागिरीला जातायत, माधवीच्या बाळंतपणाला. दोन महिने तरी नाहीत. लेकीला आई हवीच, पण इथे अण्णांच्या डोळ्यात थेंब कोण घालायला लावणार? काचबिंदू. सकाळ-संध्याकाळ थेंब, एकही चुकवायचा नाही. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. आणि आमचे सासरे आईंनी सांगितल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत. मी नि संदीप सातलाच घराबाहेर.
काहीतरी बनवते.

४ नोव्हें.
मी मागे बनवलेल्या पाण्याच्या टाकीच्या अलार्मचा बोर्ड काढला, त्यात थेंबांची वेळ घातली. सकाळी बझर वाजला. अण्णा गॅलरीतून, पेपरमधून मान वर न काढता, मला म्हणतात, “मंजू, तुझी टाकी भरली बघ.”
बझर रद्द. बोलणारं काहीतरी पाहिजे.

५ नोव्हें.
स्पीकर सरळ बोर्डाला जोडून पाहिला. नुसती फर्रफर्र. ऑफिसातून लॅमिंग्टन रोड. नखाएवढी अँप्लिफायरची पट्टी आणली, बोर्डाकडून तीन तारांनी डिजिटल आवाज घेते आणि थेट स्पीकर वाजवते. दुकानदार म्हणाला, “मॅडम, बच्चे का प्रोजेक्ट है?” म्हटलं, ससुरजी का है. त्याने वायर फुकट दिली.

६ नोव्हें.
आईंचा आवाज रेकॉर्ड करायचा तर नवीनच नाटक. फोनपुढे बसल्या, पदर सारखा केला, गप्प. “समोर ते नसताना अहो कुणाला म्हणू?” मी म्हटलं, मला अण्णा समजा. तर हसत सुटल्या, वर लाजल्या! शेवटी अण्णांनाच पेपर देऊन समोर बसवलं आणि फोन फळांच्या टोपलीत लपवला. मग एका दमात: “अहो, थेंब घाला. आणि डोळे मिटून बसा, चहा टाकते.”
रोजचंच बोलल्या. मला मात्र उगाच भरून आलं.

७ नोव्हें.
स्पीकर उघडा ठेवला तर आवाज किरटा. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवला, झाकणाला भोकं पाडली. आता आई घसा मोकळा करून बोलतात. आवाज वाढवला की बोर्ड बंद पडून परत सुरू व्हायचा, त्यावर पट्टीजवळ वीज साठवणारा मोठा कपॅसिटर लावला. लागोपाठ किती वेळा वाजवला देव जाणे. संदीप म्हणाला, आता मला पण थेंब घालावेसे वाटतायत.
झक्कास झालंय. टाइमर लावून टीव्हीशेजारी ठेवला.

८ नोव्हें.
आई गेल्या. अण्णा स्टेशनवर एवढंच म्हणाले, “पोचलीस की फोन कर.” घरी येऊन दोनदा फोन चार्ज आहे का बघितलं.

११ नोव्हें.
भडकलेय. आईंनी जाताना काढून ठेवलेली नवी बाटली, तिचं सील तसंच! तीन दिवस थेंब नाहीत. आणि फोनवर आईंना रोज “हो हो, चाललंय.” मी बोलले, जरा जास्तच बोलले. अण्णा म्हणाले, “मला कुणी सांगितलंच नाही.” म्हटलं, डबा रोज सांगतोय की! तर म्हणे, “डबा बोलतो. मला नाही बोलत.”
म्हटलं, आता माझ्यासमोर घाला. घातले. उद्या रजा टाकतेय. बघतेच.

१२ नोव्हें.
सकाळी समोर बसून ऐकलं. डबा म्हणाला, “थेंब घाला. आणि डोळे मिटून…”
अहो कुठेय?
फाइलमध्ये आहे. डब्यातून येत नाही. तासभर डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. शांतता असली की ती पट्टी झोपते, आवाज आला की जागी होते, आणि जागी होईपर्यंतचा पहिला शब्द गिळते. त्या दिवशी मी लागोपाठ वाजवत होते, तेव्हा ती जागीच होती. मला कळणार कसं? गाढव मी.
अण्णांना सांगितलं. त्यांनी डबा हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, “अगं, तिने आयुष्यात मला हाक मारल्याशिवाय काही सांगितलेलं नाही. मला वाटलं, कुणा दुसऱ्याला सांगतेय.”
कालच्या बोलण्याचं फार वाईट वाटलं. सॉरी म्हटलं.
आवाजाच्या आधी थोडी शांतता जोडली, पट्टीला जागं व्हायला. संध्याकाळी डबा बोलला, “अहो, थेंब घाला.” अण्णांनी पेपरची घडी घातली. “आलो, आलो.”
मी किचनमध्ये पळाले. डोळे पुसायला, दुसरं काय.

१६ नोव्हें.
रविवार, घरीच. थेंब झाले. अण्णा डोळे मिटून बसले. पाच मिनिटांनी उघडले, किचनकडे बघितलं, परत पेपर. तेव्हा लक्षात आलं, डबा रोज ‘चहा टाकते’ म्हणतो आणि चहा काही येत नाही. मी तेवढं वाक्य कापते म्हटलं.
“राहू दे,” म्हणाले. “म्हणतेय तर म्हणू दे.”
उद्यापासून थर्मास भरून ठेवीन.

१० डिसें.
माधवीला मुलगी! दोघी छान. अण्णांनी खाली वॉचमनला पण पेढा दिला.

१३ डिसें.
डोळ्याची तपासणी. उजव्याचं प्रेशर बरंच खाली. डाव्याचं नाही. औषध बदललं, महिन्याने परत बघू, नाहीतर ऑपरेशन. मी विचारलं, ते तीन दिवस नडले का? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. माझ्या डोक्यातून जात नाहीये.
खाली रिक्षात अण्णा म्हणाले, “तिला सांगायचं नाही. ती बाळंतिणीला टाकून येईल.” येतीलच, पहिल्या गाडीने.

१४ डिसें.
सकाळी डबा बोलला. “आलो गं.” मी थर्मास भरायला उठले तर अण्णा म्हणाले, तू बस. थेंब घातले, पाच मिनिटं डोळे मिटले, मग स्वतः किचनमध्ये गेले. हा माणूस कधी गॅसजवळ गेला नव्हता. बराच वेळ खुडबुड. दोन कप घेऊन आले. पाक नुसता, आलं अख्खं तरंगतंय. मी सगळा प्यायले.
“तिला सांग,” म्हणाले, “म्हणावं चहा जमतो आता. निवांत ये.”
आत्ता आईंचा फोन येईल. चहाचं सांगते. मग त्या विचारतील, डोळे कसे आहेत, आणि मी… काय सांगू?