बिनडोक्याची डबी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नाही, मला कसली हौस नाही. या वयात कॉम्प्युटर शिकून मी काय करणार? कुरिअरवाला आला तेव्हा ही दळण आणायला गेली होती, म्हणून सही मी केली. तेवढाच माझा संबंध.

आमच्या पोराने, योगेशने हैदराबादहून पाठवलंय. आत पत्त्याच्या कॅटाएवढं हिरवं सर्किट, त्याला बसायला पांढरी डबी, वायरी, नखाएवढं कार्ड. म्हणे कॉम्प्युटर आहे. ना स्क्रीन, ना बटणं. फोनवर म्हणतो, "आप्पा, तो हेडलेस सर्व्हर आहे. त्याला डोकं नसतं. जुन्या लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायचं." घरातले सगळे फोटो त्यात ठेवणार. उद्या जोडा म्हणाला. नोकरच ठेवलाय मला.

शेजारच्या सहादूला सांगितलं. मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपला आम्ही बरोबर होतो. तो म्हणाला, "डोकं नाय आन् हुकूम पाळतो? मग आपल्यातलाच हाय की."

बुधवार, ५

जोडली. लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकला. लॅपटॉपवर एक काळी पाटी उघडायची आणि योगेश फोनवर सांगेल ते टाइप करायचं. डबीने खात्री आहे का विचारलं, मी नुसता वाय दाबला. चालत नाही! येस पूर्ण लिहावं लागतं. एवढा मान साहेबालासुद्धा दिला नव्हता.

मग पासवर्ड. टाइप करतोय, तर अक्षरच उमटेना. बटणं ठोकून काढली. ही आतून म्हणाली, "अहो, लोखंड नाही ते." योगेश हसला. पासवर्ड दिसत नसतो म्हणे, पण आत जात असतो. हे आधी सांगायला काय होतं?

पासवर्ड — इंदिरानगर, पुढे एक दोन तीन. सगळी इंग्रजी, लहान अक्षरं.

गुरुवार, ६

पासवर्ड वहीत लिहिला म्हटल्यावर योगेश करवादला. तो कुणाला सांगायचा नसतो, कुठं लिहून ठेवायचा नसतो. तो बदलायचा कसा तेही शिकवलं. मी बदलला नाही. लिहिलेलं खोडणारही नाही.

रविवार, ९

आज अपडेट. म्हणजे काळ्या पाटीवर ओळी धावत राहतात, आपण बघत बसायचं. फोन ठेवू का विचारलं, तर म्हणाला राहू द्या, मध्येच काहीतरी विचारेल ते.

मग बोलायचं काय? एरवी आमचं बोलणं ठरलेलं. "बरे आहात ना?" "बरा आहे." "आईला द्या." मी देतो. इतकी वर्षं असंच चाललंय, कुणाचं काही अडलं नाही.

ओळी संपेचनात. जेवलास का विचारलं. म्हणाला, हल्ली भूक नसते. का रे? म्हणाला, कंपनीत माणसं कमी करतायत. त्याच्या शेजारी बसणारा गेला. "आईला सांगू नका, आप्पा." नाही सांगत म्हटलं. तेवढ्यात ओळी थांबल्या, डबीला पुढचं सांगायचं होतं. तुझं काय, हे माझं विचारायचं राहिलं.

शुक्रवार, १४

फोटो डबीत जायला लागले. योगेशचा रोज फोन. डबीबद्दलच असतो. पण असतो. आज चहा गार झाला तरी बोलत होता — नोकरीचं सोडून सगळं. ही म्हणाली, "तुमच्याशी तासभर, माझ्याशी दोन शब्द नाहीत. सवत आणून ठेवलीय घरात."

सोमवार, २४

घोटाळा. काल नांदगावला लग्नाला गेलो. घर बंद करताना मेन स्विच खाली ओढला — जन्माची सवय! परत आलो तर डबीचा हिरवा दिवा लुकलुकेना. कार्ड बिघडलं. योगेश म्हणाला, "आप्पा, आधी त्याला शटडाउन सांगावं लागतं." वीज कधी सांगून जाते का?

आता सगळं पहिल्यापासून. चिडायला पाहिजे होतं. चिडलो नाही.

बुधवार, २६

कार्ड नव्याने भरलं. येस पूर्ण लिहिलं. पासवर्ड एका फटक्यात. ओळी धावायला लागल्या, म्हटलं आता विचारतो. तर योगेश म्हणाला, "आप्पा, तुम्ही उठा आता. मी इथूनच आत येतो. रस्ता करून घेतलाय. तुम्हाला परत त्रास नाही."

त्रास कोण म्हणालं होतं?

मंगळवार, २ डिसेंबर

डबी झकास चालते. योगेशचा फोन आला.

"बरे आहात ना?"

"बरा आहे."

"आईला द्या."

दिला.

शुक्रवार, ५

ही म्हणते मजेत आहे, किती हसत होता. फोन स्पीकरवर होता, ते हसणं मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. वर्कशॉपला डब्याच्या चाकावर हातोडी मारली की चांगलं चाक खणखणतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. दिसायला दोन्ही सारखी.

आपणहून फोन करून विचारावं, तर आम्ही तसले फोन करत नाही. काय म्हणायचं? डबी बंद पडली म्हणायला ती पडतही नाही मेली. सारखा उठून तिचा दिवा बघून येतोय.

रविवार, ७

काळी पाटी उघडली. जुना पासवर्ड एकदा, नवा दोनदा. काही उमटलं नाही. उमटत नसतंच.

सोमवार, ८

फोन. हिने उचलला आणि लगेच माझ्यापुढे धरला. "घ्या. तुम्हीच पाहिजेत."

आत जाता येईना म्हणे. पासवर्ड बदललात का? बदलला म्हटलं. काय ठेवलाय? म्हटलं, तो कुणाला सांगायचा नसतो, तूच म्हणालास. हसला. बद्द.

हिला म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय ना? ती आत गेल्यावर विचारलं, "नोकरी आहे, का गेली?"

 पलीकडून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. मी फोन ठेवला नाही. एरवी ओळी धावताना बघत बसायचो, तसा बसलो.

मग बोलला.

मंगळवार, ९

योगेश शनिवारी येतोय. ही लाडवांसाठी डिंक निवडत बसलीय, कसा काय एकदम येतोय म्हणून खूश. तो काय म्हणाला ते, आणि नवा पासवर्ड — दोन्ही कुठं लिहून ठेवायचं नसतं. नाही लिहीत.