मी मॅचला गेलो नाही

५ ऑक्टोबर, रविवार
इथं जपानात आराकावा नदीकाठच्या मैदानावर रेवाची रग्बीची मॅच. नातीला असं चिखलात लोळताना बघायची अजून सवय नाही. केतकी सूनबाई असून ओरडत होती, मी छत्री धरून उभा.
लोकांपासून लांब एक टोपीवाला उभा होता. बॉल इकडे, तर त्याची नजर तिकडे. बॉल नसताना पोरगी काय करते ते बघत होता. लगेच ओळखलं. आमच्या मंडळासाठी कबड्डीची पोरं निवडायला मी गावोगाव जायचो, तेव्हा असाच उभा राहायचो.
नाव मोरी-सान, सान म्हणजे आपलं राव. तेरा जणांचं वेगळं रग्बी असतं, त्या क्लबसाठी शाळाशाळांतून मुली शोधतो. निवडलेली मुलगी दोन वर्षं ऑस्ट्रेलियात. शाळा तिकडं, खेळ तिकडं.
रेवानं घरी येईपर्यंत त्याचं कार्ड हातातून सोडलं नाही. मग चपात्या मागून मागून खाल्ल्या.

८ ऑक्टोबर
मोरी-सानचा मंदारला फोन. १९ तारखेच्या मॅचला येणार. घरचे सगळे भेटावेत म्हणाला. आजोबासुद्धा.
मी मंदारला विचारलं, सगळे कशाला? तो म्हणाला, "बाबा, इथं असंच असतं. भेटायचं, वाकायचं, झालं."
त्याला काय माहीत. पोरगं आवडलं की आम्ही आधी त्याच्या घरी चहाला जायचो. चहा निमित्त. बापाचे खांदे, आईची उंची, आज्याचे गुडघे बघायचे. हाडं बघणं म्हणायचो त्याला. बाप धापा टाकताना दिसला की पुन्हा त्या दारात जायचं नाही. पोरगं पुढं कसं होणार ते घरात बसलेलं असतं, असं आमचे वस्ताद म्हणायचे.
माझा उजवा हात. आता लिहितानासुद्धा डाव्यानं मनगट दाबून धरलंय. आमच्या वडिलांचाही असाच थरथरायचा, शेवटी घास तोंडापर्यंत जात नव्हता.
रग्बीत हातच बघणार ना.

१२ ऑक्टोबर, रविवार
सरावाला गेलो होतो. रेवाच्या हातून बॉल सुटला. थोड्या वेळानं परत. सराव संपताच विचारलं, हात दुखतोय का?
"बॉल ओला होता आबा, दाइजोबु!" काही होत नाही म्हणे. हसत होती.
जेवताना तिच्या हाताकडे बघत बसलो. ग्लास धरते, चॉपस्टिक धरते. तिच्या लक्षात आलं. "आबा, काय झालं? नखं कापलीयेत मी."
डॉक्टर मागं म्हणाले होते, बहुतेक वेळा हे वारशानं येत नाही. बहुतेक वेळा. मग आमच्या घरात वडील आणि मी, दोघं कसे?
कुणाजवळ बोलायचं? आमची ही, सुमन, असती तर निदान "गप बसा" म्हणाली असती.

१८ ऑक्टोबर
ठरवलं. गुडघा दुखतोय म्हणायचं. मला बघितलंच नाही तर काय कळणार त्याला.
रेवा संध्याकाळी जवळ येऊन बसली. "उद्या यायचं हं आबा. मोरी-सानना मी सांगितलंय, माझे आजोबा पण प्लेअर शोधायचे. त्यांना तुम्हाला भेटायचंय."
हो म्हणालो. मग सकाळी काय ते बघू.

१९ ऑक्टोबर, रविवार
गुडघा सांगितला. केतकीनं मलम लावून दिलं. तेव्हा फार लाज वाटली.
ते गेले. बाल्कनीतून फुनाबोरी स्टेशनचा मनोरा बघत बसलो.
आले तेव्हा रेवाचे गुडघे फुटलेले, तोंड उजळलेलं. दोन ट्राय मारले, म्हणजे दोनदा बॉल रेषेपार टेकवला. मी विचारलं, मोरी-सान काय म्हणाला? मंदार म्हणाला, "तुमची चौकशी केली. घरी आहेत सांगितलं. मग वहीत काहीतरी लिहिलं."

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. केतकीनं ऑफिसातून येऊन दिवे लावले. रेवाचं सगळं लक्ष बापाच्या फोनकडे.

२४ ऑक्टोबर
मोरी-सानचा मंदारला फोन आला. दुसऱ्या एका मुलीचा विचार करतोय म्हणाला. रेवाच्या खेळात काही खोट नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाचं मन नसेल तर एवढ्या लांब मुलीला नेणं बरं नाही. आधी एक मुलगी अशीच परत आली होती, तिची आजी घरी रडून रडून आजारी पडली म्हणून. आजोबा भेटायला आले नाहीत, त्यावरून समजलो, म्हणाला.
म्हणजे माझं न जाणं म्हणजे नकार.
मी हाडं लपवत बसलो. त्याला हाडं बघायचीच नव्हती.
रेवा दारात उभी राहून म्हणाली, "आबा, मी जाऊ नये असं वाटत होतं का तुम्हाला?"
तोंडातून ‘नाही’ निघेना. हो तरी कसं म्हणू. दिवसभर या घरात मी एकटा, तिची सायकल खाली वाजली की चहा ठेवतो. फोन आला तेव्हा आत कुठंतरी बरं वाटलं होतं. खरं तेच लिहितो.

२६ ऑक्टोबर, रविवार
मंदारला हाताचं सगळं सांगितलं. आधी चिडला. "अहो बाबा, एकदा विचारायचं तरी! तो काय बैल बघायला आला होता का?" मग माझा हात हातात घेऊन बसला. लहानपणानंतर पहिल्यांदाच असेल.
मोरी-सानला फोन केला त्यानं. त्या दुसऱ्या घरचं उत्तर अजून यायचंय. पुढच्या रविवारी मैदानावर भेटू म्हणाला. कबूल काही केलं नाही.
रेवा माझ्याशी मोजकंच बोलते. जपानीत.

२ नोव्हेंबर, रविवार
गेलो. हात खिशात घातला नाही.
मोरी-सान माझ्याहून जास्त लवून वाकला. बाकावर बसवलं. हाताकडे त्यानं बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. एकच प्रश्न विचारला. मंदारनं मराठीत सांगितला, "दोन वर्षं ती घरात नसेल, तुम्हाला चालेल का, विचारतायत."
रेवा मागं, ऐकू येईल एवढ्यावर, बुटाची नाडी बांधत होती.
घरून पाठ करून आलो होतो, चालेल म्हणायचं. म्हणालो, "नाही चालणार. पण तिला घेऊन जा."
 मंदार बराच वेळ मोरी-सानशी जपानीत बोलला. एवढं मी बोललोच नव्हतो. काय सांगितलं ते विचारलं नाही. मोरी-साननं मान हलवली, कळवतो म्हणाला. त्याच्या तोंडावरून काही समजेना. मीही असंच तोंड करून पोरांच्या घरून निघायचो.
सरावानंतर सगळे पुढं गेले. रेवा सायकल हातात धरून माझ्याबरोबर नदीवरचा पूल संपेपर्यंत चालत आली. माझ्या चालीनं, हळू. पुलाच्या टोकाला सायकलवर बसली आणि गेली.