गोमतीबाईकडे राहिलेली पिशवी

लाइपझिग,
५ जानेवारी २०२५

ती. आईस,
अपूर्वाचा शि. सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू तुझ्या मनाने जोडतेस, म्हणून हे पत्र. बाबा गेल्यापासून तू एकटी राहतेस, ते आता मला सोसवत नाही. कायमची इकडे ये. तुझी खोली लावून ठेवली आहे. घराखालीच मोठं सुपरमार्केट आहे. चिखल नाही, धक्काबुक्की नाही, घासाघीस नाही. भाजी धुऊन पुसून ठेवलेली असते. पैसेसुद्धा यंत्रच घेतं, कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही. तुझ्या गुडघ्यांना केवढा आराम!

नेहमीसारखं 'बघू' म्हणून टाळू नकोस. लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझी,
अपूर्वा

वाशीम,
२४ जानेवारी

चि. अपूर्वास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

खोली लावलीस हे वाचून भरून आलं. पण बाई, कुणाशी एक शब्दही न बोलता मी वांगी कशी घेऊ? गोमतीबाई केनवडहून पाटी घेऊन बाजारात बसते. मी निवडलेली वांगी ती परत पाटीत टाकते आणि दुसरी देते. त्यावरून आमचं वाजतं. मग वर कोथिंबीर घालते आणि सुनेचं गाऱ्हाणं सांगते. चतुर्दशीला मी हिरवी भाजी खात नाही हे तिला पाठ आहे, त्या दिवशी ती मला हाकही मारत नाही.

बाजारातून येते ती गुडघे धरूनच, खोटं कशाला सांगू. दमायला होतं. पण तिकडे मी दिवसभर खिडकीत बसणार, आणि तू दमलेली असताना तुला माझंही बघावं लागणार. तुझं छान चाललंय, त्यात माझी लुडबूड नको.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी आई

लाइपझिग,
१६ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रामुळे काल हट्टाने इथल्या रस्त्यावरच्या बाजारात गेले. टोमॅटो दिसले. सवयीने हात घातला, एक दाबला, दुसरा दाबला, आणि भाजीवाली ओरडली. इथे गिऱ्हाइकाने मालाला हात लावायचा नसतो, ती देईल ते घ्यायचं. चारचौघांत तिने मला चांगलंच झाडलं. आणि आई, मी रडले. अपमानाने नव्हे. ऑफिसचं काम घरूनच असतं, जिन्यात शेजारी मान हलवतात तेवढंच. कित्येक दिवसांनी कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघून बोललं होतं. ती बाई बिचारी घाबरली, तिने माझ्या हातात एक सफरचंद कोंबलं.

तुझ्या गुडघ्यांसाठी ये असं लिहिलं होतं. खरं तर मलाच कुणीतरी हवं आहे. फार थकले गं. पण तू येऊ नकोस. इथे तू मुकी होशील.

पत्र मात्र पाठवत राहा, त्याच्यावर माझे दिवस जातात.

अपूर्वा

वाशीम,
८ मार्च

चि. अपूर्वास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. लेक सुखात आहे असं समजून मी इथे वांग्यांवरून भांडत बसले होते. तिकीट काढ, चैत्रात येते. कायमची नाही, पर्युषणाला मला परत वाशीमला पोचव. त्या बाईकडे आपण दर आठवड्याला जाऊ. टोमॅटोला हात लावणार नाही, लांबूनच बोट दाखवून भांडेन, मराठीतून. तिला बरोबर कळेल.

गोमतीबाईला सांगितलं तर म्हणाली, की तुमी कायले जाऊन राह्यल्या, पोरीलेच इकडं बोलवा ना. मी तुझी टोमॅटोची हकिकत सांगितली, तेव्हा तिने पाटी माझ्यापुढे सरकवली. वांगी मी निवडली तीच दिली, एकही परत टाकलं नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. मग भाजी माझ्या पदरात ओतली आणि कापडी पिशवी स्वतःच्या मांडीखाली दाबून बसली. म्हणाली, की पिशवी माह्यापाशी राहू द्या, ते न्याले तरी तुमाले वापस यावं लागन.

पदरात वांगी घेऊन भर बाजारातून घरी आले. लोक बघत होते, बघू देत.

मी येईपर्यंत त्या सफरचंदवाल्या बाईला तोंड दाखवत जा.

तुझी आई