उजव्या डोळ्याचं मी ठरवणार

३ फेब्रुवारी, सोमवार
उधव्याच्या कॅम्पात डोळे दाखवले. डावा गेलाच आहे. उजव्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेरा तारखेला नाक्यावर गाडी येईल, डहाणूला ऑपरेशन. नाहीतर हाही जाईल. मी म्हटलं, माझा डोळा, मी ठरवेन. म्हणाल्या, ठरवा आजी, पण तो थांबणार नाही.
आगाऊ बाई.

४ फेब्रुवारी
नात भारती बारावीला. मोबाईल बघून म्हणते, आजी, आपण ठरवायच्या आधीच डोकं ठरवून मोकळं होतं. आपल्याला फक्त वाटतं, आपण ठरवलं. आणि वेळ पण खरी नसते, आज-उद्या सगळं एकदमच असतं.
म्हटलं, मग उद्याची भांडी आजच घास.
मोबाईल घेऊन ओट्यावर गेली.

५ फेब्रुवारी
भारतीला खोटं पाडायचं. निश्चय : आज चहा नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं.
सव्वासातला घेतला. सुनेनं, सरितानं, समोर आणून ठेवला. त्याला माझं डोकं काय करणार?

७ फेब्रुवारी
चिमण भगत तांदळाचे दाणे बघून सांगतो, पण कोंबडी मागतो. लहानपणापासून बघतेय, मला येतं. सुपात मूठभर दाणे टाकले. दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. सगळ्यांना जोडी मिळाली तर जायचं. एक उरला तर नाही.
सगळ्यांना मिळाली. ती नुसती ट्रायल होती.
परत टाकले. परत मिळाली. मूठच चुकली.
तिसऱ्यांदा एक उरला. झालं. नाही जायचं. मी ठरवलं.

९ फेब्रुवारी
शेजारची म्हातारी बारकी ओट्यावरून ओरडली, रूपे, मी गेल्या साली केलं, आता तुझ्या डोक्यातल्या उवा इथून दिसतात! म्हटलं, मग मोज आणि गप बस.
सरिता हळूच म्हणाली, आई, भीती वाटते का?
भीती! मी नाग शेपटीला धरून फेकलाय.

११ फेब्रुवारी
भारतीला सुपाच्या कडेला एक दाणा अडकलेला सापडला. म्हणते, आजी, तुला दिसला नाही, जोडी पुरी होती.
दिसला नाही तो मोजायचा नाही. मीच बघणारी, माझाच नियम.
अक्षरं मोठी काढतेय तरी रेघ सुटते. पेन खराब.

१२ फेब्रुवारी
उद्या आठला गाडी. पक्कं : सातलाच लाकडाला रानात निघून जायचं. शोधा म्हणावं.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६
अंघोळ केली. नवं लुगडं नेसले. रानात जुनंच नेसावं असं कुठे लिहिलंय?

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
नाक्यावर गेले ते कोण कोण जातंय बघायला. गुडघे दुखले म्हणून गाडीत बसले. सरिता मागून चढली. गाडी सुटली, त्याला मी काय करू?
डहाणूला हिरवा झगा घातला, कपाळावर पट्टी चिकटवली. मग नर्सनं बीपी बघितलं. परत बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या बीपीवर सुरी लावत नाही आजी. कशाला एवढं घाबरलात? गोळ्या घ्या, पुढच्या गाडीला या. तोवर डोळा टिकला तर बघू.
म्हटलं, मी घाबरले नाही. म्हणाल्या, मशीन म्हणतं.
परत येताना सरितानं माझा हात घट्ट धरून ठेवला. म्हटलं, सोड गं, मी काय पोर आहे? म्हणाली, आई, मी नाही, तुम्ही धरलाय. माझी बोटं दुखतात.
बघितलं तर खरंच.
सोडा म्हटलं बोटांना. उधवा येईपर्यंत ऐकेनात.